बारा ग्रॅम लिनक्स

"बारा ग्रॅम," आप्पा म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काट्यावर माझा पेन ड्राइव्ह होता. पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, स्टोअरच्या खिडकीपाशी उभा राहून, मी लिनक्सचं वजन करून घेत होतो. पंधरा वर्षं ज्या गोष्टीसाठी मी सोयऱ्याधायऱ्यांशी भांडलो, तिची ही अवस्था.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. थोडक्यातच, कारण लग्नात मी हे सांगायला लागलो की लोक जिलेबी संपायला आली असं म्हणून उठतात. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जी व्यवस्था चालू होते, जिच्या जिवावर बाकीची सॉफ्टवेअरं चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही तशी एक. पण ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरच्या माणसांनी मिळून ती लिहिली. तिचा सोर्स कोड, म्हणजे ती जशी लिहिली ते मूळ लिखाण, कुणीही उघडून वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. याला ओपन सोर्स म्हणतात.

मी अनगोळमध्ये कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचं दुकान चालवतो आणि चार-पाच कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. माझी मतं ठाम आहेत. जनतेच्या पैशातून बनलेलं सॉफ्टवेअर जनतेला उघडं असावं. जो सरकारी फॉर्म एकाच ब्राउझरमध्ये उघडतो, तो फॉर्म सरकारी म्हणू नये. ज्या फाँटला मराठी आणि कन्नड दोन्ही नीट लिहिता येत नाही, त्याला बेळगावच्या हद्दीत घेऊ नये. माझ्या बायकोचं मत एकच आहे, की घरातला प्रिंटर चालला पाहिजे.

ही मतं मला पुस्तकातून मिळाली नाहीत. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. कुठला तंबाखू कशात किती मिसळायचा, ते मालक आतून कडी लावून ठरवायचा. वडिलांनी तीस वर्षं ती पोती पाठीवर वाहिली, पण आत काय मिसळतात ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. कुलूप लावलेल्या ज्ञानाची मला चीड आहे ती तिथली. सॉफ्टवेअरची चीड नंतर तिच्यावर चढली.

तर फाउंड्री. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. हिचे मालक भूपालआण्णा, मूळचे निपाणीकडचे, जैन, शेतीतून धंद्यात आलेले. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, की महिन्याभरात आमचा ऑडिटर येईल आणि तुमच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर लायसनचं आहे का तेही बघेल. फाउंड्रीत अठरा कॉम्प्युटर होते. त्यावर जे होतं ते कुणीतरी कुठूनतरी आणून टाकलेलं होतं. सरळ भाषेत, चोरीचं.

आण्णांनी मला बोलावलं.

"कांबळे, तुमचं ते फुकटातलं काय हाय म्हनत हुतासा?"

"लिनक्स. फुकट म्हणून नाही आण्णा, मोकळं म्हणून चांगलं."

"फुकटात कोन काय देत न्हाय ओ. कुटं तर फास असतोय."

मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. वाळूचा साचा करायला आधी लाकडाचा नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. सोर्स कोड म्हणजे पॅटर्न. लिनक्सवाले माल देतातच, वर पॅटर्नही देतात.

आण्णा खुर्चीत मागे रेलले. "आपला पॅटर्न गावाला वाटनारा श्याना मी अजून बगितलेला न्हाय. येडी हायत का काय ती मानसं?"

उदाहरण चुकलं होतं. पण महिना कमी होता आणि दुसरा उपाय नव्हता. आण्णांनी परवानगी दिली, अट घालून. "ऑडिटमदी तुमच्या लिनक्सपायी एक जरी एन.सी. पडली, तर लिनक्स आनि तुमी, दोगंबी एकाच रिक्षातनं अनगोळला."

एन.सी. म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, नियमात न बसलेली गोष्ट. ऑडिटर ती लाल पेनानं लिहितो आणि कारखान्यात सुतक पडतं. मला मात्र आनंद झाला होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खा कारखाना लिनक्सवर जाणार होता. हे जमलं तर उद्यमबागेत दहा कारखाने मागे येतील. फसलं तर जन्मभर प्रिंटर दुरुस्त करत बसायचं.

मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो तो गेटवर अडकलो. वॉचमन म्हणाला, मशीनमध्ये जाणारी कुठलीही वस्तू स्टोअरमधून जाते. स्टोअर म्हणजे आप्पा.

तवनाप्पा, सगळ्यांचे आप्पा, सव्वीस वर्षं स्टोअरकीपर. इतक्या वर्षांत त्यांच्या रजिस्टरमध्ये आणि रॅकमध्ये एका वॉशरचा फरक निघाला नव्हता. आण्णासुद्धा घरच्या दारासाठी बिजागरी नेताना स्लिपवर सही करतात. आप्पांच्या दृष्टीनं जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या: रजिस्टरमध्ये असलेल्या, आणि नसलेल्या. दुसऱ्या प्रकारावर त्यांचा विश्वास नव्हता.

"चलन?" त्यांनी मालाबरोबर येणारा कागद मागितला.

"चलन नाही आप्पा. इंटरनेटवरून घेतलंय."

"पार्टीचं नाव?"

"तसं कुणा एकाचं नाव नाही. सगळं जग."

आप्पांनी पार्टीच्या रकान्यात 'सर्व जग' लिहिलं. पुढे कंसात 'परगाव' लिहिलं, कारण लोकल की परगाव ते लिहावंच लागतं.

"किती जागी वाटायचं हाय?"

"अठरा कॉम्प्युटर."

"मग नग लिवून भागत न्हाय," आप्पा म्हणाले. "एक नग अठरा जनास्नी कसा देनार? वाटायचा माल वजनात घ्याय पायजे."

यात काय चूक आहे ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. कोअर शॉपमधला केमिकल मोजायचा छोटा काटा आणला. बारा ग्रॅम भरले.

मग आप्पांनी कॅल्क्युलेटर घेतला. बारा भागिले अठरा. प्रत्येक कॉम्प्युटरला सहाशे सदुसष्ट मिलिग्रॅम धरून इश्यू स्लिपा फाडल्या. इश्यू म्हणजे स्टोअरमधून माल देणं. शेवटी हिशेब सहा मिलिग्रॅमनं जास्त जायला लागला. आप्पांनी गेटवरच्या कॉम्प्युटरला तेवढं कमी दिलं. "त्यास्नी काय, गेटपासच माराय असतोय," ते म्हणाले.

दोन दिवसांत मी अठराही कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. काम झकास झालं. डिस्पॅचच्या बाईंनी तर 'आता पहिल्यापेक्षा लवकर उघडतंय' म्हणून मला चहा पाजला. हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. काम संपल्यावर मी नियमाप्रमाणे पेन ड्राइव्ह स्टोअरला परत केला आणि निघालो.

"सर," आप्पांनी हाक मारली. आवाज बदललेला होता. "हिकडं या जरा."

पेन ड्राइव्ह काट्यावर होता. बारा ग्रॅम.

"समदं वाटलंसा न्हवं?"

"सगळं वाटलं."

"मग ह्ये काय?"

रजिस्टरमध्ये शिल्लक शून्य. काट्यावर शिल्लक बारा. आप्पांनी काटा पुसला. पेन ड्राइव्ह पुसला. मेल्टिंग शॉपमधून दुसरा काटा मागवला. त्यावरही बारा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्टोअरला फरक लागला होता, आणि तो माझ्यामुळे. ते खरंच हादरले होते. स्टुलावर बसून त्यांनी पाणी मागवलं.

मी समजावलं. सॉफ्टवेअर दिलं तरी देणाऱ्याकडचं कमी होत नाही. आपल्याकडे राहतंच.

"म्हंजे तुमी दिलंच न्हाय," आप्पा म्हणाले.

"दिलं आप्पा! अठरा ठिकाणी चालू आहे."

"दिलं तर हितं कमी व्हाय पायजे. हितं कमी न्हाय. म्हंजे दिलं न्हाय. साधं हाय की ओ."

"मग इश्यू स्लिपा रद्द करा."

"आनि डिपार्टमेंटात हाय ते कुटनं आलं? इश्यू न करता माल डिपार्टमेंटात गावला तर ती डबल एन.सी."

ऑडिटला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत कारखान्यातल्या सगळ्या शहाण्यांनी आपापली अक्कल पाजळली. मशीन शॉपचा फोरमन म्हणाला, कानस मारून बारा ग्रॅम उडवू या, काय राहील ते स्क्रॅपमध्ये दाखवू. मेंटेनन्सवाला म्हणाला, पेन ड्राइव्ह आतून रिकामा करा, वजन उतरेल. मी तो खरोखरच रिकामा करून दाखवला. काटा बाराच. मेंटेनन्सवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यात कधीच काही घातलं नव्हतं. मी घरून लिनक्स पुन्हा डाउनलोड करून भरून आणलं. ते आप्पांना सांगितलं नाही, कारण तो विनाचलन आलेला माल झाला असता.

शेवटी मी आण्णांकडे गेलो.

"भट्टीत टाका की," आण्णा म्हणाले. "प्रश्न मिटला."

"आण्णा, पुढं कॉम्प्युटर बिघडला तर परत घालायला लागेल."

"मग आप्पाला समजवा."

"त्यांना समजत नाही."

"मलाबी समजत न्हाय," आण्णा म्हणाले. "पर मी मालक हाय, म्हून मला भ्या न्हाय. भ्या तुमाला पायजे."

ऑडिटच्या दिवशी मी स्वच्छ शर्ट घालून गेलो. ऑडिटर मॅडम बेंगळुरूच्या, पन्नाशीच्या, शांत. डोक्यावर हेल्मेट, हातात पॅड. देवनागरी त्यांना वाचता यायची, पण मराठी बोलता येत नव्हती. आमच्याशी इंग्लिशमध्ये आणि कामगारांशी कन्नडमध्ये बोलत होत्या. अठरा कॉम्प्युटर त्यांनी अर्ध्या तासात बघितले. लिनक्सचं लायसन मी छापून फाइलला लावलं होतं. त्यांनी वाचलं, मान डोलावली, टिक केलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यासाठी तर सगळा खटाटोप होता, आणि तो सफलही झाला होता.

मग त्या म्हणाल्या, "स्टोअर बघू या."

स्टोअरमध्ये ऑडिटर काय करतात, तर रजिस्टरमधली दोन-चार नावं काढतात आणि माल प्रत्यक्ष मोजतात. मॅडमनी बेअरिंग काढली, बरोबर. वेल्डिंग रॉड काढले, बरोबर. तिसऱ्यांदा पान उलटलं आणि त्यांचं बोट थांबलं.

"लिनक्स," त्या म्हणाल्या. "ग्रॅममध्ये?"

आण्णा छताकडे बघत होते.

"पुरवठादार, सर्व जग." त्यांनी पुढे वाचलं. "शिल्लक शून्य. रॅकमध्ये काही आहे?"

खोटं बोलणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कुलूप काढलं, डबी काढली, पेन ड्राइव्ह काट्यावर ठेवला. बारा. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. पेन लाल होतं.

मी पुढे झालो. मी इंग्लिशमध्ये सुरुवात केली. बौद्धिक संपदा म्हणजे काय, भौतिक वस्तू आणि डिजिटल वस्तू यांत फरक काय, कॉपी केल्यानं मूळ का घटत नाही. मी सार्वजनिक धोरणापर्यंत पोचलो. मॅडमचा चेहरा लग्नातल्या लोकांसारखा व्हायला लागला. आण्णांनी हातानं मला रिक्षाची खूण केली.

तेव्हा आप्पा कन्नडमध्ये बोलले. एकच वाक्य.

"मॅडम, हेप्प कोट्र मसर कडिमी आक्कैतेनरी?"

म्हणजे, विरजण दिलं म्हणून दही कमी होतं का हो?

मॅडमनी पेन थांबवलं. त्यांनी पेन ड्राइव्हकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, मग आप्पांकडे. आणि हसल्या. नुसत्या नाही, हेल्मेट काढून हसल्या. आप्पा हसले नाहीत. ते कन्नडमध्येच समजावत राहिले. शेजारची बाई वाटी घेऊन येते. आपण चमचाभर विरजण देतो. तिच्या घरी पातेलंभर दही लागतं, आपलं पातेलं आहे तिथंच. उद्या आपलं नासलं तर तिच्याकडून आणायचं. हे तसलं आहे. चमचाभर कुणाला दिलं ते लिहायचं, एवढंच माझं काम.

मी पंधरा वर्षं जे बोलत होतो, ते सगळं त्यात होतं. शेवटचं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी माझा जळफळाटही झाला. दोन्ही खरं होतं.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "पण मग हे नाशवंत सामानात जाईल. शेल्फ लाइफ किती?"

शेल्फ लाइफ म्हणजे वस्तू किती दिवस टिकते ते. फाउंड्रीत वाळू चिकटवायच्या केमिकलच्या डब्यांवर ती लिहितात. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सत्य सांगितलं, की या लिनक्सला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, नंतर नवं घ्यावं लागतं.

आप्पांनी उभ्या उभ्या लेबल लिहून डबीवर चिकटवलं. मॅडमनी लाल पेन बंद करून निळं काढलं आणि लिहिलं: 'निरीक्षण: मापाच्या एककाचा फेरविचार करावा.' निरीक्षण म्हणजे एन.सी. नव्हे. एन.सी. शून्य.

मॅडम गेल्यावर मी आप्पांना विचारलं, "हे कधी सुचलं?"

"तुमी इंग्लिशमदी बोलत हुतासा तवा," आप्पा म्हणाले. "डोस्कं उटलं. म्हनलं घरला जाऊन ताक प्यावं. त्यातनं आटवलं."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण वर्षाभरानं आण्णांचे जावई पुण्याहून येऊन जनरल मॅनेजर झाले. माणूस हुशार, टाय लावणारा. त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यांमधले रंग लिनक्सवर थोडे वेगळे दिसायचे. बस, एवढं कारण. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी फर्मावलं, की लिनक्स काढा, विकतची सिस्टीम घाला. आण्णा काही बोलले नाहीत. जावयापुढे कोण बोलतो? मी माझी बाजू मांडली. स्वातंत्र्य, खुलं ज्ञान, परावलंबन, सगळं मांडलं. जावईबापूंनी घड्याळ बघितलं. मला कळून चुकलं, की आता संपलं. मी घरी जाऊन बायकोला तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापू स्टोअरच्या खिडकीवर गेले. मी मागे उभा होतो.

"आप्पा, ते लिनक्स काढून टाकायचंय."

"काडा की," आप्पा म्हणाले. "स्क्रॅप नोट आना."

"कसली नोट?"

"स्टोअरात जमा झालेला माल भायेर काडाचा म्हंजे स्क्रॅप कमिटीची नोट लागती. तीन सह्या. परचेस, प्रॉडक्शन आनि क्वालिटी."

"परचेस हेडची जागा तर रिकामी आहे."

"व्हय," आप्पा म्हणाले. "म्हून कमिटी बसत न्हाय."

"अहो, मी जनरल मॅनेजर आहे!"

"हाय की. तुमची सही चवथी. आदी तीन पायजेत." आप्पांनी रजिस्टर मिटलं. "आनि माल शेल्फ लाइफमदी हाय. चालू माल स्क्रॅप केला तर ऑडिटमदी एन.सी. पडती. मामासनी इचारा."

जावईबापूंनी सासऱ्यांना विचारलं. आण्णा म्हणाले, स्टोअरमध्ये मी लक्ष घालत नाही.

परचेस हेडची जागा अजून भरलेली नाही. लिनक्स अठराही कॉम्प्युटरवर चालू आहे. तक्त्यांच्या रंगांची जावईबापूंना आता सवय झाली आहे. शेजारच्या दोन फाउंड्रीवाल्यांनीही आमच्याकडून विरजण नेलं, रीतसर स्लिप फाडून.

नवीन पोरं मला विचारतात, सर, कारखान्यात ओपन सोर्स टिकवायचं तर काय करावं? पूर्वी मी तासभर बोलायचो. आता एवढंच सांगतो. चांगली वस्तू चांगली आहे म्हणून कुणी ठेवत नाही. ती आधी रजिस्टरमध्ये चढवा. मग ती काढायला कुणाची सही मिळत नाही.